देशी व अमेरिकन कपाशी : जनुकसंचाचा लहानमोठेपणा

यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या जमिनीत कपाशी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. जुन्या शेतकऱ्यांना आखूड धाग्याची, काटक देशी पऱ्हाटी परिचित आहे. आज शेतांत मुख्यत्वे अमेरिकन कपाशीचे संकरित वाण दिसतात. दोन्हींची फुले व बोंडे पाहून ही एकाच जातीची झाडे असावीत, असे वाटते. परंतु त्यांची घडण मुळातच भिन्न आहे, आणि बियाण्याचा व्यवहार करताना हा भेद ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.

प्रत्येक सजीवाच्या पेशीत गुणसूत्रे असतात. त्यांवर त्या जीवाच्या घडणीचा आराखडा जणू सूक्ष्म अक्षरांत लिहिलेला असतो. या संपूर्ण लिखाणास जनुकसंच म्हणतात. देशी कपाशीच्या पेशीत 26 गुणसूत्रे असतात, तर अमेरिकन कपाशीच्या पेशीत 52. देशी कपाशीच्या एकेरी संचात सुमारे 170 कोटी अक्षरे आहेत. अमेरिकन कपाशीत ती 230 ते 250 कोटींच्या आसपास भरतात.

हा फरक कसा पडला? सुमारे 10 ते 20 लाख वर्षांपूर्वी देशी कपाशीच्या कुळातील एका झाडाचा अमेरिका खंडातील रानकपाशीशी संकर झाला व दोघांचे संच एकत्र नांदू लागले. अमेरिकन कपाशी ही त्या संयोगाची संतती होय. संच वाढण्याचा हा एक मार्ग झाला. दुसरा मार्ग असा की, संचातील काही तुकडे आपल्या प्रती काढून जागोजाग घुसतात. असे तुकडे बार्बरा मॅक्‌क्लिंटॉक या विदुषीने मक्यात शोधले. त्याबद्दल तिला 1983 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

मग मोठा संच म्हणजे श्रेष्ठ पीक, असे समजावे काय? मुळीच नाही. ज्वारीचा संच सुमारे 73 कोटी अक्षरांचा आहे, मनुष्याचा सुमारे 300 कोटींचा, आणि कांद्याचा तब्बल 1,600 कोटींचा! न्यू कॅलेडोनिया बेटावरील एका लहानशा नेच्यात 16,000 कोटी अक्षरे असल्याचे 2024 साली प्रसिद्ध झाले. कांदा मनुष्याहून पाचपट गुंतागुंतीचा नाही. त्याच्या संचात पुनरुक्तीच फार आहे. कपाशीतही हेच दिसते. देशी कपाशीचा संच अमेरिकेतील रानकपाशीच्या दुप्पट मोठा आहे. तथापि दोघींत प्रत्यक्ष कामाची जनुके सुमारे 40 हजारच आहेत.

शेतकऱ्याच्या दृष्टीने संचाच्या आकारापेक्षा त्याची जुळणी महत्त्वाची आहे. परागाबरोबर निम्मी गुणसूत्रे जातात. देशीची 13 व अमेरिकनची 26 एकत्र आली, तर रोपात 39 होतात. त्यांतील 26 गुणसूत्रांच्या जोड्या लागल्या तरी उरलेली 13 एकाकी राहतात. म्हणून असा संकर सहज होत नाही, आणि झालाच तर झाड बहुधा वांझ निघते. उलट, दोन अमेरिकन वाणांचा संकर निर्वेध होतो. डॉ. सी. टी. पटेल यांनी 1970 साली सुरत येथे सिद्ध केलेला ‘संकर-4’ हा वाण असाच अमेरिकन आई-बापांचा होता.

यावरून ग्रामकार्यकर्त्यांनी पुढील गोष्टी शेतकरी बंधूंना समजावून द्याव्यात :

1. घरचे बी राखावयाचे असल्यास देशी पऱ्हाटीस शेजारच्या अमेरिकन कपाशीपासून फारसे भय नाही. भय आहे ते दुसऱ्या देशी वाणाचे. एकाच जातीच्या दोन वाणांत प्रमाणित बीजोत्पादनासाठी किमान 30 मीटर अंतर ठेवावे लागते.

2. संकरित वाणाची सरकी पुढील वर्षी पेरू नये. तिच्यात गुणांची फाटाफूट होऊन पीक एकसारखे येत नाही.

3. बी एकमेकांत मिसळू देऊ नये. धुऱ्यावरून न होणारी भेसळ एका पोत्यात क्षणात होते.

4. ‘अधिक गुणसूत्रे, अधिक उत्पन्न’ अशा जाहिरातीस भुलू नये. वाणाची परीक्षा आपली जमीन, आपला पाऊस व कीडरोगांस तोंड देण्याची त्याची शक्ती यांवरूनच करावी.