गळ, भरती आणि लाइफजॅकेट : ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरची हौशी मासेमारी

१७७० साली कॅप्टन जेम्स कुकचं जहाज आजच्या सिडनीच्या दक्षिणेला एका रुंद उपसागरात नांगरून पडलं. खलाशांना तिथे पाकट मासे इतके मिळाले, की कुकने त्या जागेला आधी पाकटांचं बंदर असंच नाव दिलं होतं. बॉटनी बे हे नाव नंतरचं. अर्थात कुकच्या आधी शेकडो वर्षं त्याच परिसरातल्या आदिवासी बायका झाडाच्या सालीच्या होडक्यांत बसून, शंखाच्या कवचातून घासून काढलेल्या गळांनी मासे पकडत होत्या. त्याच बॉटनी बेमध्ये २००२ पासून व्यापारी जाळी बंद आहेत. न्यू साउथ वेल्स राज्याने तेव्हा खाड्या आणि उपसागर मिळून अशा तीस जागा हौशी मासेमारांसाठी राखून ठेवल्या. तिथल्या व्यावसायिक मच्छीमारांना भरपाई देऊन त्यांचे परवाने विकत घेतले आणि तो पैसा उभा केला हौशी लोकांच्याच परवाना शुल्कातून. ऑस्ट्रेलियातली मासेमारीची हौस किती गंभीरपणे घेतली जाते, हे एवढ्यावरून कळावं.

सिडनी-मेलबर्नला मुलांकडे दोन-तीन महिने राहायला जाणारे मराठी आईवडील आता घरोघरी आहेत. नातवंडांसोबत जेटीवर बसून गळ टाकणं हा तिथे फार आनंदाचा आणि स्वस्तातला उद्योग आहे. तो नीट कळावा, आणि मुख्य म्हणजे सुखरूप व्हावा, यासाठी हा लेख.

सुरुवात परवान्यापासून. तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात समुद्रात गळ टाकायलाही परवाना लागतो, आणि तो पाहुण्यांनाही चुकत नाही. अठरा वर्षांखालच्या मुलांना मात्र सूट आहे. न्यू साउथ वेल्समध्ये वर्षाचं शुल्क ३५ डॉलरच्या आसपास आहे, तीन दिवसांचाही परवाना मिळतो, आणि मोबाइलवर पाच मिनिटांत काम होतं. क्वीन्सलंड, साउथ ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीत समुद्रात गळ टाकायला परवाना नाही. वेस्टर्न ऑस्ट्रेलियात किनाऱ्यावरून गळ टाकणाऱ्याला तो लागत नाही, पण इंजिनाच्या होडीतून मासे धरायचे असतील तर लागतो. एक नियम मात्र सगळीकडे सारखा : हौसेने पकडलेला मासा विकता येत नाही. शेजाऱ्याला वानवळा म्हणून जरूर द्यावा. पैसे घेतले की तो गुन्हा.

पहिल्यांदा जाणाऱ्याने जेटी किंवा खाडी गाठावी. वेस्टर्न ऑस्ट्रेलियातली बसल्टन जेटी १,८४१ मीटर लांब आहे, तिचं बांधकाम १८६५ मध्ये सुरू झालं, आणि तिच्यावर आजही लोक हेरिंग आणि माकूळ धरत बसलेले असतात. मेलबर्नचा पोर्ट फिलिप बे म्हणजे स्नॅपरचं माहेरघर. ऑक्टोबरपासून तिथे मोठे स्नॅपर अंडी घालायला येतात, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी, मेलबर्न कपच्या घोड्यांच्या शर्यतीच्या सुमाराला, हंगाम ऐन भरात असतो. सिडनीच्या आसपास खाड्यांमध्ये ब्रीम, फ्लॅटहेड आणि व्हायटिंग मिळतात. व्हायटिंग हा आपल्या मुडदुशीच्याच कुळातला मासा. काटा कमी, मांस पांढरं आणि गोडसर. माझ्या मते तळून खायला त्या देशात याच्या तोडीचा दुसरा मासा नाही.

साहित्य फार लागत नाही. सात फुटांचा हलका रॉड, २५०० मापाचं रील, तीन-चार किलो ताण सोसणारी दोरी, लहान गळ आणि दोरीवर सरकत राहील असं छोटं शिसं. दुकानदार सगळं एकत्र बांधून देतात. नवशिक्याला वाटतं, जड शिसं लावून लांब फेकलं की मोठा मासा लागेल. खाडीत नेमकं उलटं असतं. शिसं जितकं हलकं तितकं आमिष पाण्याबरोबर नैसर्गिक वाहतं, आणि ब्रीमसारखा संशयी मासा तेव्हाच तोंड लावतो. भरतीचं पाणी चढू लागलं की मासे कडेच्या उथळात चरायला येतात. ओहोटीला फ्लॅटहेड उथळ पाणी जिथे खोल पाण्यात उतरतं तिथे वाळूत अंग पुरून दबा धरतो. कोकणात खाडीकाठी वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही.

आमिषाबद्दल मात्र सांगायलाच हवं. सुपरमार्केटमधली खायची कोळंबी गळाला लावू नये. २०१६ मध्ये क्वीन्सलंडच्या लोगन नदीकाठच्या कोळंबी शेतांत पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणूजन्य रोग शिरला आणि तिथली शेती बसली. परदेशातून आलेली गोठवलेली कोळंबी माणसाला निर्धोक असते, पण तिच्यातला विषाणू पाण्यात पोचला तर तिथल्या कोळंबी-खेकड्यांना लागण होऊ शकते. आमिषाच्या दुकानातली कोळंबी किंवा पिलचर्ड घ्यावेत. पाग टाकून आमिष धरावं म्हणाल, तर क्वीन्सलंडमध्ये ठरावीक मापाचा पाग चालतो. न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियात चालत नाही.

उत्तरेला गेलं की मराठी माणसाला ओळखीचे चेहरे भेटू लागतात. ऑस्ट्रेलियाला ज्याचा सर्वांत जास्त अभिमान, तो बारामंडी म्हणजे रायगडच्या खाड्यांतला आपला जिताडाच, जात तीच. क्वीन्सलंडच्या उबदार पाण्यातला स्पॅनिश मॅकरेल म्हणजे सुरमई. डार्विनकडचा ब्लॅक ज्यूफिश म्हणजे पालघरचा घोळ, आणि त्याच्या फुग्याला तिथेही आशियाई बाजारात मोठी किंमत येते. कांदळवनात मिळणारा मड क्रॅब ही आपली चिंबोरी. क्वीन्सलंडमध्ये नर तेवढाच घेता येतो, तोही पाठ किमान पंधरा सेंटिमीटर रुंद असेल तर; मादी दिसली की जागच्या जागी सोडायची.

या मापांमागे विचार आहे. जिताडा जन्माला येतो नर म्हणून आणि काही वर्षांनी मादी होतो. म्हणजे लहान धरले तर पुढच्या माद्या संपल्या, आणि फार मोठे धरले तर लाखो अंडी घालणाऱ्या माद्या गेल्या. म्हणून क्वीन्सलंडमध्ये ५८ ते १२० सेंटिमीटरमधलाच बारामंडी ठेवता येतो, आणि पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी त्याची धरपकड बंद असते. डस्की फ्लॅटहेडचंही तसंच : मोठे बहुतेक सगळे माद्या, म्हणून त्यालाही कमाल माप. सुरमईचा साठा घटल्याचं दिसल्यावर क्वीन्सलंडने जुलै २०२३ पासून माणशी एकच मासा ठेवायची मुभा दिली. साउथ ऑस्ट्रेलियाने तर २०१९ च्या नोव्हेंबरपासून आपल्या दोन्ही मोठ्या आखातांत स्नॅपर धरणंच बंद केलं. लोकांनी कुरकुर केली, पण पट्टी घेऊन मासा मोजणं आणि कमी पडला तर हळूच पाण्यात सोडणं हे तिथल्या शाळकरी पोरांच्याही अंगवळणी पडलं आहे. मला या सगळ्या हौशीतलं हे सर्वांत मोलाचं वाटतं. जून-जुलैची बंदी पाळणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरही बोटभर पापलेटं बाजारात मांडलेली दिसतात, तेव्हा त्या पट्टीची आठवण येते.

ग्रेट बॅरियर रीफवर २००४ पासून रंगांचे पट्टे आहेत. सुमारे एक तृतीयांश भाग हिरवा, म्हणजे तिथे मासेमारी पूर्ण बंद. पिवळ्या पट्ट्यात माणशी एक दोरी आणि एक गळ. पट्टा कुठे सुरू होतो हे पाण्यावर लिहिलेलं नसतं, त्यामुळे फोनवर नकाशा उघडा ठेवावा. केर्न्सजवळच्या प्रवाळरांगांबाहेर १९६६ मध्ये हजार पौंडांहून मोठा ब्लॅक मार्लिन गळाला लागला, आणि तेव्हापासून जगभरचे धनिक तिथे येतात. तो आपला खेळ नव्हे, आणि त्यावर अधिक लिहीत नाही.

उत्तरेत मगरींचं भय खरं आहे. खाऱ्या पाण्यातली मगर खाडीत, कांदळवनात, समुद्रकाठीही असते. पाण्याच्या कडेपासून निदान पाच मीटर लांब उभं राहावं, मासे काठावर साफ करू नयेत, आणि रोज त्याच वेळी त्याच जागी जाऊ नये. मगर सवयी हेरते. शिवाय डार्विनला भरती-ओहोटीतला फरक आठ मीटरपर्यंत जातो. जिथे सकाळी होडी तरंगत होती, तिथे दुपारी चिखल असतो.

आता होडी. ऑस्ट्रेलियाची लाडकी होडी म्हणजे टिनी, ॲल्युमिनियमची साधी उघडी नाव, चार मीटरच्या आसपास, मागे तीस-चाळीस अश्वशक्तीचं इंजिन. गाडीमागे ट्रेलरवर लादायची, पहाटे रॅम्पवर उतरवायची, दुपारी घरी आणून नळाच्या पाण्याने धुवायची. बंद खाडीसाठी ती उत्तम. उघड्या समुद्रासाठी पाच-सहा मीटरची, उंच कडांची होडी हवी. परवान्याचे नियम इथेही राज्यागणिक बदलतात. व्हिक्टोरियात इंजिनाची कुठलीही होडी चालवायला परवाना लागतो, न्यू साउथ वेल्समध्ये दहा नॉट किंवा त्याहून वेगाने चालवायची असेल तर. उतरवण्याआधी होडीच्या तळाचं बूच लावलंय ना, हे पाहा. दर उन्हाळ्यात कुणाची ना कुणाची होडी रॅम्पवरच पाण्याने भरते ती यामुळेच. इंधनाचे तीन भाग धरा : एक जायला, एक यायला, एक राखीव. किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांपलीकडे जायचं तर बहुतेक राज्यांत इपर्ब हे संकटसंदेश पाठवणारं यंत्र सक्तीचं आहे. त्याची नोंदणी फुकट होते. निघताना स्थानिक मरीन रेस्क्यूच्या स्वयंसेवकांना रेडिओवर कुठे जाता, किती जण, कधी परतणार हे कळवावं आणि परतल्यावरही सांगावं.

पूर्व किनाऱ्यावर नद्यांच्या मुखाशी वाळूचे बार असतात. नरूमा आणि बॅलिना ही त्यातली कुप्रसिद्ध ठिकाणं. ओहोटीचं पाणी बाहेर धावतं, समोरून लाट येते, दोघांची टक्कर झाली की लाट उभी राहते आणि होडी उलटते. नवख्याने बार ओलांडूच नये. अनुभवी माणूसही आधी वीस मिनिटं किनाऱ्यावर उभा राहून पाहतो, आणि भरती चढत असताना निघतो.

पण माझी खरी कळकळ आहे ती खडकांवरच्या मासेमारीबद्दल. सिडनीच्या आसपास सपाट खडकाच्या पायऱ्या थेट खोल पाण्यात उतरतात. गाडीतून उतरून चालत जाता येतं, होडी लागत नाही, आणि टेलर, ड्रमर, किंगफिश पायाशी मिळतात. याच जागी माणसं दरवर्षी बुडतात, आणि त्यांत परदेशातून आलेल्यांचं प्रमाण फार आहे. समुद्र शांत दिसतो. दहा-पंधरा मिनिटं लाट गुडघ्याखाली फुटते. मग दूरवरच्या वादळाने पाठवलेल्या तीन-चार मोठ्या लाटा एकापाठोपाठ येतात आणि खडक धुऊन नेतात. न्यू साउथ वेल्सने २०१६ मध्ये खास कायदा केला. घोषित धोकादायक किनाऱ्यांवर खडकावरून गळ टाकताना लाइफजॅकेट सक्तीचं आहे. माझं म्हणणं, कायदा लागू असो वा नसो, ते घालाच.

खडकावर पोचल्यावर गळ काढू नका. अर्धा तास नुसतं पाहा. ओला, काळा दिसणारा खडक म्हणजे तिथवर लाट पोचते. हवामान खात्याचा किनारी अंदाज बघताना लाटेची उंचीच नव्हे, दोन लाटांमधले सेकंदही बघा. अंतर जास्त म्हणजे लाटेत ताकद जास्त. समुद्राकडे पाठ करू नका. एकटे जाऊ नका. कुणी पडलं तर मागे उडी मारू नका. अनेक ठिकाणी खडकाला ‘एंजल रिंग’ नावाची जीवरक्षक कडी टांगलेली असते, ती फेका आणि ००० ला फोन करा. पडलेल्याने खडकाकडे पोहू नये, लाटा तिथेच आपटतात. बाहेर खोल पाण्याकडे सरकून तरंगत राहावं.

ताटात काय घ्यावं याचेही दोन इशारे. सिडनी हार्बर ब्रिजच्या पश्चिमेकडचा मासा खाऊ नका. जुन्या रासायनिक कारखान्यांतलं डायऑक्सिन तिथल्या गाळात बसलेलं आहे, आणि २००६ पासून पूर्ण बंदरात व्यापारी मासेमारी बंद आहे. पुलाच्या पूर्वेला पकडलेला खायचा तर महिन्याला दीडशे ग्रॅमपर्यंत. आणि क्वीन्सलंडची दहा किलोंवरची सुरमई कितीही मोहात पाडो, टाळावी. प्रवाळांतून येणारं सिग्वाटेरा विष मोठ्या माशांत साठतं आणि शिजवून, तळून, गोठवून जात नाही.

मापं, संख्या आणि बंदीचे काळ दरवर्षी बदलतात, त्यामुळे या लेखातले आकडे पाठ करण्यापेक्षा निघण्याच्या आदल्या रात्री त्या त्या राज्याच्या मत्स्यखात्याचं ॲप उघडून खात्री करून घ्या. यंदा मुलांकडे जाणार असाल, तर लाइफजॅकेट विकत घेण्यासाठी मुलाच्या पाठी लागा. ते शंभर-दीडशे डॉलरला मिळतं. नातवाला मापाचं वेगळं घ्या.