वरवंटा आणि स्मरण

शब्दकोडे सोडविताना एक अनुभव सर्वांनाच येतो. वस्तू डोळ्यांसमोर उभी राहते, शब्द ओठांवर येतो. नाव मात्र हुलकावणी देते. अशा वेळी काय करावे, हे एका लहानशा उदाहरणावरून पाहू.

आडव्या शब्दाचे शोधसूत्र आहे ‘आठवण’ आणि घरे तीन. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर लिहितात. काना, मात्रा, वेलांटी त्या अक्षरासोबतच राहतात. जोडाक्षरही एकाच घरात मावते. त्यामुळे ‘याद’, ‘सय’ आणि ‘स्मृती’ हे शब्द दोन अक्षरी ठरून बाद होतात. उरतात ‘आठव’ आणि ‘स्मरण’. दोन्ही तीन अक्षरी, दोन्ही अर्थाने योग्य. येथे अंदाजाने लिहू नये. मधल्या घराला छेदणारा उभा शब्द पाहावा. त्याचे शोधसूत्र आहे ‘पाट्यावर वाटण वाटण्याचा दगड’, घरे चार. उत्तर ‘वरवंटा’. त्याचे दुसरे अक्षर ‘र’ सामाईक घरात येते आणि ‘स्मरण’ निश्चित होते.

आर्थर विन यांनी ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वृत्तपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी पहिले आधुनिक शब्दकोडे प्रसिद्ध केले. तेव्हापासून या खेळाचे मर्म हेच आहे. काहीही हाती नसताना शब्द आठवणे कठीण असते. एखादे अक्षर मिळाले की तोच शब्द ओळखणे सोपे जाते. म्हणून अडलेल्या शब्दापाशी थांबून न राहता त्याला छेदणारे शब्द आधी भरावेत.

परंतु ज्या मुलाने घरात केवळ मिक्सरच पाहिला, त्याची ती चार घरे कोरीच राहतात. यात त्याच्या बुद्धीचा दोष नाही. वस्तू घरातून गेली आणि तिच्यामागोमाग शब्दही गेला. रोवळी, शिंके, उखळ, मुसळ, जात्याचा खुंटा यांचीही तीच गत आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अक्षरओळख आपल्याच पिढीत आली. ज्या आजीला आपले नावही लिहिता आले नाही, तिच्या हातांनी या सर्व वस्तू वापरल्या. नातवापाशी अक्षर आहे, आजीपाशी शब्द आहे. दोघे एकत्र बसली, तरच ते कोडे पूर्ण होते.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. सुटीत मूल घरी आले म्हणजे कोडे त्याला एकट्याने सोडवू देऊ नये. शोधसूत्र मोठ्याने वाचावे आणि घरातील वडीलधाऱ्यांना उत्तर विचारावे. उत्तर मिळाल्यावर ती वस्तू कशी वापरत, कोठे ठेवत, हेही ऐकावे आणि मुलाकडून वहीत लिहून घ्यावे. कोऱ्या घराचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या अंकात छापून येते. आजीने सांगितलेली हकीकत मात्र कोठेही छापून येत नाही.