चाळिशीनंतर बुद्धिबळ शिकावे का?

"डॉक्टर, हल्ली नावे आठवत नाहीत. बुद्धिबळ शिकू का?" मुलांच्या नीटच्या क्लाससाठी लातूर-नांदेडला खोली करून राहिलेले पालक विचारतात. जरूर शिका.

फायदा होतो का?
२००३ मध्ये अमेरिकेतील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन, नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंश कमी आढळला. पण तो खेळामुळेच टळला, असे सिद्ध होत नाही. स्मरणशक्ती उतरू लागलेली माणसे आधीच खेळ सोडत असतील.

सुरुवात कशी कराल?
आधी फक्त राजा आणि प्यादी मांडा. मग एकेक मोहरा वाढवा. रोज अर्धा तास पुरे. मुलगी हरवेल, हरू द्या. मात्र खेळापायी चालणे आणि झोप बुडवू नका. बीपी-शुगरच्या गोळ्या चालूच ठेवा.

डॉक्टरांकडे कधी जाल?
ओळखीचा रस्ता चुकतो, तेच तेच विचारले जाते, रोजचा हिशेब जमेनासा होतो? मग पट बाजूला ठेवून तपासणी करा. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि तो उपचारांनी सुधारू शकतो. अचानक बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले, तर क्षणभरही न थांबता रुग्णालय गाठा.