एफ८ दाबली की विक्री

दसऱ्याच्या सुमारास नंदुरबारच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत ओल्या लाल मिरचीची आवक सुरू होते. वजन, लिलाव आणि मग शहराबाहेरच्या पथाऱ्या. मोकळ्या मैदानांवर पसरलेली ती मिरची उन्हात वाळताना पाहायला छायाचित्रकार आवर्जून येतात. त्याच मिरचीचा हिशेब पेढीवर कसा लिहिला जातो, हे पाहायला मात्र कुणी जात नाही. तोही एक बघण्यासारखा प्रकार आहे.

हिशेब बहुधा टॅली या सॉफ्टवेअरमध्ये असतो. खरेदी एफ९, विक्री एफ८, पैसे दिले तर एफ५, आले तर एफ६, बँकेत भरणा केला किंवा रक्कम काढली तर एफ४, नुसता जमाखर्च फिरवायचा तर एफ७, तारीख बदलायची तर एफ२. ओली मिरची वाळून कोरडी झाली की वजन निम्म्याहून खाली येते. ही घट स्टॉक जर्नलमध्ये दाखवायची असेल तर ऑल्ट आणि एफ७. सरावलेल्या मुनिमाचा हात या कळांवरून इतक्या सफाईने फिरतो की माउस बाजूला धूळ खात पडलेला असतो.

ही रचना माउसच्या आधीच्या काळातली आहे. व्यवसायाचा हिशेब ठेवायला मनासारखे सॉफ्टवेअर मिळेना, म्हणून श्यामसुंदर गोएंका यांनी ते आपल्या मुलाला, भरत गोएंका यांना लिहायला सांगितले. त्यातून १९८६ साली बंगळुरात टॅलीची कंपनी उभी राहिली. तेव्हा डॉसचा काळा पडदा होता आणि त्यावर हुकूम चालायचा तो कळांचाच. पुढे विंडोज आले, १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला, २०२० मध्ये टॅलीप्राइम आले. पण विक्री एफ८ वरच राहिली.

आता याच पेढीवर नवा लॅपटॉप येतो. मुनीम एफ८ दाबतो आणि विक्रीचे व्हाउचर उघडण्याऐवजी एखाद्या मॉडेलवर आवाज वाढतो, एखाद्यावर विमान मोड लागून वायफायच तुटते. यंत्र बिघडलेले नसते. गेल्या दीडेक दशकात लॅपटॉप बनवणाऱ्यांनी असे धरून चालले आहे की घेणारा सिनेमा पाहील, गाणी ऐकेल; हिशेब लिहील हे त्यांच्या ध्यानीमनी नसते. म्हणून वरच्या ओळीचे पहिले काम आवाज आणि उजेड, आणि खरे एफ८ हवे असेल तर सोबत एफएन ही कळ दाबायची. स्टॉक जर्नलला मग तीन बोटे लागतात. दिवसभरात शेकडो नोंदी करणाऱ्या माणसावर हा उघड अन्याय आहे, असे माझे मत.

खरी गंमत पुढे आहे. एफएन दाबल्याचे विंडोजला बहुतेक वेळा कळतच नाही. मदरबोर्डवर एम्बेडेड कंट्रोलर नावाची एक छोटी चिप असते. कीबोर्डची प्रत्येक कळ आधी तीच वाचते आणि एफ८ पुढे पाठवायची की आवाजाचा हुकूम, हे तीच ठरवते. टॅलीपर्यंत एफ८ पोहोचलेलीच नसते, त्यामुळे टॅली पुन्हा टाकून काही साधत नाही.

कळ दाबली की पुढे जातो तो तिचा संकेतांक, आणि या संकेतांकांत कळांचा इतिहासही गोठून राहिला आहे. १९८१ च्या आयबीएम पीसीवर फंक्शन कळा दहाच होत्या, त्याही डाव्या बाजूला दोन उभ्या रांगांत. सोळाच्या पायावरच्या गणनेत त्यांचे अंक ३बी पासून ४४ पर्यंत सलग आहेत; एफ८ चा ४२. एफ११ आणि एफ१२ नंतरच्या मोठ्या कीबोर्डवर आल्या, तेव्हा पुढचे अंक नम लॉक आणि स्क्रोल लॉक यांनी आधीच घेतलेले होते. म्हणून या दोघींना दूर ५७ आणि ५८ वर जागा मिळाली. आजच्या विंडोजमध्येही हे जुने अंक जिवंत आहेत.

एफ८ परत मिळवायचा उपाय त्या एम्बेडेड कंट्रोलरलाच सांगण्याचा. डेल, लेनोव्हो, आसुस यांच्या अनेक मॉडेलांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबले की एफएन लॉक बदलतो, म्हणजे वरच्या ओळीचे पहिले काम उलटते. एस्केपच्या कळीवर छोटे कुलूप छापलेले असेल तर हीच खूण. एचपीच्या काही मॉडेलांवर एफएन आणि शिफ्ट. एवढ्याने जमले नाही तर लॅपटॉप बंद करून चालू करताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंग्जमध्ये, जायचे: डेल व आसुसला बहुधा एफ२, एचपीला एफ१०. तिथे एचपीत ‘ॲक्शन कीज मोड’ आणि लेनोव्होत ‘हॉटकी मोड’ या नावाची नोंद सापडते. ती ‘डिसेबल्ड’ करायची आणि जतन करून बाहेर पडायचे. मॅकवर हीच सोय सेटिंग्जमधल्या कीबोर्डच्या पानावर आहे. उलटा त्रासही होतो: विंडोज नव्याने टाकल्यावर उजेडाच्या कळाच मुक्या होतात. तिथे बहुधा बायोसचा दोष नसतो, कंपनीचे हॉटकी ड्रायव्हर टाकायचे राहिलेले असतात. आणि बायोस अद्ययावत केल्यावर किंवा मूळ स्थितीला नेल्यावर ‘ॲक्शन कीज’ पुन्हा चालू झालेले आढळू शकते, तेव्हा तिथेही एकदा डोकावावे.

ज्याला बायोसच्या निळ्या-काळ्या पडद्याची धास्ती वाटते, त्याने साधा यूएसबी कीबोर्ड जोडावा. बऱ्याच स्वस्त कीबोर्डांवर एफएन नसतेच, आणि चौदा इंची लॅपटॉपवर सहसा न मिळणारी उजवीकडची अंकपट्टी मिळते. क्विंटल, किलो आणि भाव भरणाऱ्याला ती एफ८ इतकीच लागते.