घोड्याचा खूर

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्षाच्या अखेरीस खंडोबाची यात्रा भरते. तेथील घोड्यांचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. जाणकार मनुष्य घोड्याची चाल पाहतो, दात पाहतो. मग वाकून एकेक पाय उचलतो, खुराचा तळवा निरखतो आणि त्याचा वासही घेतो!

यात हसण्यासारखे काही नाही. खुराचे बाहेरील कवच आपल्या नखांप्रमाणे कठीण असते. तळव्यावर मात्र रबरासारखी लवचीक, त्रिकोणी गादी असते. तिच्या दोन्ही बाजूंस खोल खाचा असतात. पावसाळ्यात मराठवाड्यातील काळी, चिकट माती शेणासह या खाचांत घट्ट बसते. आत हवा शिरत नाही, आणि हवेवाचून वाढणारे सूक्ष्म जंतू ती गादी कुजवू लागतात. काळा, दुर्गंधी स्राव येतो. तरीही कोणी लक्ष दिले नाही, तर रोग आतील जिवंत भागापर्यंत पोहोचतो व घोडा लंगडू लागतो.

अशा वेळी कुजलेला भाग पशुवैद्याकडून काढून घ्यावा व जंतुनाशक औषध लावावे. घोड्याला जखमेतून धनुर्वात फार लवकर होतो. म्हणून त्याची लसही टोचून घेतात. परंतु पागेतील जमीन ओली राहिली, तर औषधाचा गुण टिकत नाही. रोज लीद काढावी, खाली कोरडे गवत अंथरावे आणि लोखंडी आकडीने टाचेकडून पुढे खरवडत प्रत्येक खूर साफ करावा. चार पायांना फार तर दहा मिनिटे लागतात.