नभोवाणीचें अंकीय रूपांतर : एक टिपण

नभोवाणीची अंकीय पद्धति सर्वस्वीं नवी, असें मानण्यांत येतें. इतिहास पाहतां हें मत पूर्णांशानें ग्राह्य दिसत नाहीं.

1927 सालीं खडकी व दौंड येथील केंद्रांतून विलायतेशीं बिनतारी संदेशव्यवहार सुरू झाला, तो ठिपका व रेघ या दोन चिन्हांचा. त्याच वर्षीं 23 जुलै रोजीं मुंबईचें नभोवाणी-केंद्र उघडलें. तेथें मात्र लहर ध्वनीच्या चढउतारासवें अखंड बदलत असे. हीच सदृश पद्धति. पुढें 1953 सालीं पुण्यास व 1963 सालीं सांगलीस केंद्रें झालीं, तींहि याच पद्धतीचीं.

अंकीय पद्धतींत ध्वनीचें क्षणोक्षणीं मापन करून तें शून्य व एक या दोनच अंकांनीं धाडतात. लघु व गुरु या दोहोंपासून त्र्यक्षरी आठ गण होतात, तद्वतच हें होय. म्हणजे नभोवाणी पुन्हा चिन्हांकडे वळली. आकाशवाणीनें या पद्धतीचा आरंभ 2009 सालीं केला.

परंतु एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. सदृश लहर क्षीण झाली तरी खरखरींतून शब्द उमगतो; अंकीय संदेश विवक्षित मर्यादेखालीं एकाएकीं मुका होतो. शिवाय जुन्या यंत्रास तो मुळींच कळत नाहीं. खंबाटकी घाटाच्या पायथ्याशीं, आमच्या खंडाळ्यासारख्या गांवीं, डोंगरास वळसा घालून येणाऱ्या मध्यम लहरींचें महत्त्व विशेष. नॉर्वेनें 2017 सालीं राष्ट्रीय केंद्रांचें एफ्. एम्. प्रक्षेपण बंद केलें. तें अनुकरण येथें त्वरेनें करूं नये. नवें यंत्र घरोघर पोंचण्यापूर्वीं जुनी लहर थांबल्यास ध्वनि निर्मळ होईल, पण श्रोता उरणार नाहीं.