चाल तीच, शब्द हसवणारे!

१९८३ साली मायकेल जॅक्सन या कृष्णवर्णीय गायकाचे ‘बीट इट’ हे रॉक गाणे जगभर गाजले. त्याच्या चित्रफितीत दोन टोळ्या एकमेकींवर उठतात आणि गायक मध्ये पडून भांडण मोडतो.

पुढच्याच वर्षी ‘विअर्ड अल’ यांकोविक या अमेरिकन तरुणाने त्याच चालीवर ‘ईट इट’ रचले. इथे मारामारी नाही. जेवताना नखरे करणाऱ्याला ‘मुकाट्याने खा’ असा दम! चित्रफीतही मुळाबरहुकूम, फक्त जागोजागी फजिती. गिटारचा तुकडा रंगात येतो आणि शेवटी धडाम्‌ स्फोट होतो! गाणे अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १२ व्या क्रमांकावर पोहोचले, ग्रॅमी पारितोषिकही मिळाले.

वास्तुकला शिकणाऱ्या अलने १९७९ साली आपले पहिले गाजलेले विडंबन कॉलेजातल्या न्हाणीघरात, अकॉर्डियन वाजवीत ध्वनिमुद्रित केले होते.

आम्हांस मोलाची वाटते ती त्याची रीत. विडंबनाला तिकडचा कायदा बरीच मोकळीक देतो, तरीही अल मूळ कलावंताची परवानगी मागतो. जॅक्सनने ‘ईट इट’ला आनंदाने होकार दिला. पुढे ‘ब्लॅक ऑर व्हाइट’ या १९९१ च्या गाण्याचे विडंबन करायचे ठरले, तेव्हा जॅक्सनने नापसंती कळवली. काळ्या-गोऱ्यांच्या समतेचा तो संदेश थट्टेत विरू नये, ही त्याची भावना. अलने ती मानली.

आपली मुलेही गॅदरिंगमध्ये विडंबने करतात. त्यांनी खुशाल हसवावे. पण मूळ कलावंताचे नाव आधी सांगावे आणि माणसाच्या बरोबरीची थट्टा करू नये, एवढे आपण त्यांना शिकवू या.